विरोधकाचं ऐकून घेणं हा ख्रिस्ती शहाणपणाचा भाग कसा? मोरभट दांडेकरांच्या पुस्तकापासून फादर दिब्रिटोंपर्यंत

१८३२ साली मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. लेखक होते स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन. हिंदू धर्मावर टीका करणारं हे पुस्तक होतं आणि भाषा अजिबात मवाळ नव्हती. पण पुस्तकाची सुरुवात विल्सन यांच्या मजकुराने होत नाही. आधी येतं ते मोरभट दांडेकर यांचं ख्रिस्ती धर्माविरुद्धचं पुस्तक, इंग्रजीत भाषांतर करून. त्यानंतर विल्सन यांचं उत्तर सुरू होतं.

आजच्या भाषेत सांगायचं तर, तुमच्यावर टीका करणाऱ्याची अख्खी पोस्ट आधी स्वतःच्या वॉलवर टाकायची आणि मग खाली उत्तर द्यायचं. सोशल मीडियावर आपण नेमकं उलट करतो. समोरच्याच्या पोस्टमधली सगळ्यात कच्ची ओळ शोधतो, तिचा स्क्रीनशॉट काढतो आणि ग्रुपवर फिरवतो.

ख्रिस्ती परंपरेत विरोधकाचं ऐकणं हे निव्वळ सौजन्य मानलेलं नाही. ते शहाणपणाचं लक्षण मानलं आहे. अर्थात मानलं आहे म्हणजे ते नेहमी पाळलं गेलं असं नाही. चर्चच्या इतिहासात विरोधकांना गप्प बसवल्याची, बहिष्कृत केल्याची आणि जाळल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून शिकवण काय आहे आणि ती महाराष्ट्रात प्रत्यक्ष कशी वापरली गेली, या दोन्ही गोष्टी एकत्र बघाव्या लागतात.

बायबल नेमकं काय म्हणतं?

बायबलच्या जुन्या करारात ‘नीतिसूत्रे’ नावाचं पुस्तक आहे. परंपरेनं ते शलमोन राजाच्या नावावर जातं. त्यातल्या १८व्या अध्यायात या विषयावर बरंच काही आहे. ऐकून घेण्याआधीच उत्तर देणाऱ्याला तिथं मूर्ख ठरवलंय. समजून घेण्यात रस नसलेल्या, फक्त स्वतःचं मत मांडायची हौस असलेल्या माणसालाही तेच बिरुद दिलंय. त्याच अध्यायातलं १७वं वचन तर थेट कोर्टातलं वाटतं. पहिला माणूस बाजू मांडतो तेव्हा तोच खरा वाटतो, पण दुसरा येऊन उलटतपासणी करेपर्यंतच, असा त्याचा आशय आहे.

व्हायरल व्हिडिओ बघून पाच मिनिटांत निकाल देणाऱ्यांसाठी हे वचन फार जुनं असूनही शिळं झालेलं नाही.

याच पुस्तकाच्या २६व्या अध्यायात एक गंमत आहे. मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नका, असं एक वचन सांगतं. लगेच पुढचं वचन सांगतं, की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर द्या. संकलन करणाऱ्यांना हा विरोध दिसला नसेल असं मानणं कठीण आहे. त्यांनी दोन्ही वचनं ठेवली. कधी काय करायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.

ईयोबाची गोष्ट याहून धारदार आहे. ईयोबावर संकटं कोसळतात आणि तो देवाकडेच तक्रार करतो. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन त्याला गप्प करू पाहतात. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. ईयोब योग्य बोलला, तुम्ही नाही, असं तो त्यांना सुनावतो. म्हणजे देवाच्या बाजूने बोललेलं सगळं बरोबरच असतं असं बायबललाही मान्य नाही.

नव्या करारात याकोबाच्या पत्रात ऐकण्यात तत्परता आणि बोलण्यात व रागावण्यात सावकाशी ठेवायला सांगितलंय. मत्तयाच्या १५व्या अध्यायात एक परदेशी, कनानी बाई येशूकडे मुलीसाठी मदत मागते. तो आधी नकार देतो. ती त्याच्याच शब्दांत त्याला उत्तर देते आणि येशू तिचं म्हणणं मान्य करतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात बिरुया गावचे लोक पौलाचं बोलणं ऐकून घेतात, पण ते खरं आहे का हे रोज शास्त्रात तपासतात. त्याबद्दल त्यांचं कौतुक केलंय.

सैतानाचा वकील

ही शिकवण नुसती वचनात राहिली नाही, तिच्या पद्धती तयार झाल्या.

१३व्या शतकातले धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांचा ‘सुम्मा थिओलॉजिए’ हा ग्रंथ कॅथलिक विचारांचा पाया मानला जातो. त्यातला प्रत्येक मुद्दा विरोधकांच्या आक्षेपांनी सुरू होतो. देव आहे का, या प्रश्नावर पहिला आक्षेप असा, की जगात दुःख आणि वाईट आहे, मग चांगला देव कसा असेल? दुसरा आक्षेप, की जगातल्या गोष्टींचं स्पष्टीकरण निसर्गातूनच मिळतं, मग देवाची गरज काय? आजचे नास्तिकही प्रामुख्यानं हेच दोन मुद्दे मांडतात. अक्वायनस यांनी ते त्यांच्या बाजूनं नीट मांडले आणि मग उत्तर दिलं.

मराठी वाचकाला ही पद्धत ओळखीची वाटेल. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायचा आणि मग उत्तरपक्ष, असा नियमच होता. पूर्वपक्ष कच्चा मांडला तर पुढच्या उत्तराला किंमत राहत नसे. अंबाजोगाईला समाधी असलेल्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधू’ही गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे.

१५८७ साली पोप सिक्स्टस पाचवे यांनी एक अधिकृत पद निर्माण केलं. एखाद्याला संत घोषित करण्याआधी त्याच्या विरोधातले सगळे मुद्दे मांडणं हे त्या अधिकाऱ्याचं काम. लोक त्याला ‘सैतानाचा वकील’ म्हणू लागले. १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ही प्रक्रिया बदलली आणि या पदाचं महत्त्व बरंच कमी झालं. तरी मदर तेरेसांच्या वेळी त्यांचे कडवे टीकाकार, नास्तिक पत्रकार ख्रिस्तोफर हिचन्स यांना बोलावून त्यांची साक्ष घेण्यात आली. मदर तेरेसांना २०१६ मध्ये संतपद मिळालं. म्हणजे हिचन्स यांचं ऐकलं, मान्य केलं नाही.

जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या १५४८ साली छापलेल्या पुस्तकात सुरुवातीलाच एक सूचना आहे. दुसऱ्याच्या वाक्याचा आधी चांगला अर्थ लावून बघा. नाही लागला तर तुला नेमकं काय म्हणायचंय, असं त्यालाच विचारा. तो चुकत असेल तर प्रेमाने सांगा. कमेंट टाकण्याआधी एवढ्या पायऱ्या चढायच्या म्हटलं तर निम्म्या कमेंट पडणारच नाहीत.

चौपाटीवरचा वाद

आता परत मुंबईत. विल्सन १८२९ मध्ये इथं आले. १८३० आणि १८३१ मध्ये त्यांचे ब्राह्मण पंडितांशी जाहीर वाद झाले, त्यात मोरभट दांडेकर प्रमुख होते. मोरभटांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहून आपली बाजू छापली आणि विल्सन यांनी तिचं भाषांतर जोडून उत्तर छापलं. इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. विल्सन यांनी समोरच्याचं ऐकलं ते मुख्यतः खोडून काढण्यासाठी. त्यांच्या पुस्तकाचं नावच हिंदू धर्माचा ‘पर्दाफाश’ अशा अर्थाचं आहे. शिवाय राज्य इंग्रजांचं होतं. त्यामुळे वाद बरोबरीच्या मैदानावर होता असं म्हणता येत नाही.

पंचवीस वर्षांनी चित्र थोडं बदललं. १८५७ च्या जानेवारीपासून मे अखेरपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर वादसभा भरत होत्या. एका बाजूला विष्णुबुवा ब्रह्मचारी. मूळ नाव विष्णू भिकाजी गोखले, कुलाबा जिल्ह्यातले, काही काळ कस्टम खात्यात नोकरी केलेले आणि पुढे संन्यस्त झालेले. दुसऱ्या बाजूला मिशनरी, आणि त्यांच्यात जॉर्ज बोवेन हे अमेरिकन गृहस्थ.

बोवेन वेगळेच होते. तरुणपणी ते स्वतः ख्रिस्ती धर्म न मानणारे संशयवादी होते. १८४८ मध्ये मुंबईत आल्यावर त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि बाजारपेठेच्या वस्तीत साधेपणाने राहू लागले. धर्मावरचे आक्षेप त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते, ते स्वतः त्या बाजूला राहून आले होते.

या सभांचा वृत्तांत बोवेन यांनी इंग्रजीत छापला. नंतर तो ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ या नावाने मराठीतही आला. त्यात विष्णुबुवांचे आक्षेप आहेत आणि मिशनऱ्यांची उत्तरंही. वृत्तांत एका बाजूच्या माणसाने लिहिलाय हे लक्षात ठेवूनच तो वाचावा लागतो. पण १९व्या शतकातला एक हिंदू संन्यासी ख्रिस्ती धर्मावर कोणते प्रश्न विचारत होता, हे आज कळतं त्यात त्याच्या विरोधकानं केलेल्या नोंदींचा मोठा वाटा आहे. आणि हे सगळं चालू होतं तेव्हा उत्तरेत मेरठला १० मे रोजी उठाव सुरू झाला होता.

वादाने कुणी लगेच बदललं का? विष्णुबुवा ख्रिस्ती झाले नाहीत, बोवेन हिंदू झाले नाहीत. दोन वर्षांनी, १८५९ मध्ये विष्णुबुवांचा ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ प्रसिद्ध झाला. म्हणजे या वादातून हिंदू बाजूचीही मांडणी अधिक पक्की होत गेली. मिशनऱ्यांना हे अपेक्षित नसावं.

खोडायला निघालेला पंडित

ऐकण्यात एक धोका आहे आणि लोक त्यालाच घाबरतात. खरोखर ऐकलं तर आपणच बदलू शकतो.

१८३९ मध्ये जॉन म्यूर या इंग्रजी सेवेतल्या स्कॉटिश अधिकाऱ्यानं ‘मतपरीक्षा’ नावाचं पुस्तक संस्कृत श्लोकांत लिहिलं. ख्रिस्ती धर्म श्रेष्ठ कसा हे त्यात पंडितांच्या भाषेत सांगितलं होतं. त्याला संस्कृतातूनच उत्तरं आली. काशीचे तरुण चित्पावन पंडित निळकंठशास्त्री गोरे यांनी १८४४-४५ मध्ये ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून म्यूर यांचे मुद्दे खोडले. मिशनऱ्यांशी वाद घालता यावा म्हणून गोऱ्यांनी बायबल नीट वाचायला घेतलं. वाचता वाचता प्रश्नांची दिशा बदलली. १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले.

ही गोष्ट ख्रिस्ती लोक अनेकदा इथेच थांबवतात. पण दुसरी बाजूही बदलली. म्यूर यांना उत्तरांतून कळलं, की भारतीय विचार त्यांना वाटला होता त्याहून खोल आहे. पुढची अनेक वर्षं त्यांनी मूळ संस्कृत ग्रंथांचे उतारे आणि भाषांतरं यांचे मोठे खंड तयार केले आणि १८६२ मध्ये एडिंबरा विद्यापीठात संस्कृतचं अध्यासन सुरू करायला पैसे दिले. वादाच्या एका टोकाला असलेला हिंदू पंडित पाद्री झाला आणि दुसऱ्या टोकाचा ख्रिस्ती अधिकारी संस्कृतचा अभ्यासक. हार-जीत कुणाची, हे ठरवणं अवघड आहे.

गोऱ्यांनी याची किंमत मोजली, हे विसरता येत नाही. त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे घर, जात, नातीगोती सगळं तुटणं. १८४३ चं मुंबईचं एक प्रकरण याचंच उदाहरण आहे. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनमध्ये राहायला गेला होता, पण तो लहान असल्यानं कोर्टानं त्याला आईवडिलांकडे दिलं. त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला, तर त्यांच्यावरच सनातनी तुटून पडले. नारायण शेषाद्री पुढे मराठवाड्यात आले. जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती वस्तीचं गाव वसवलं. त्यासाठी जमीन निजामाचे मुस्लिम दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळाली.

रमाबाईंनी विचारलेले प्रश्न

विरोधक नेहमी बाहेरचाच असतो असं नाही. घरातला विरोध ऐकणं जास्त जड जातं. पंडिता रमाबाईंच्या बाबतीत तेच झालं.

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला. त्याआधी त्यांच्या शंकांना उत्तरं देणाऱ्यांमध्ये नेहेम्या गोरेही होते. बाप्तिस्म्यानंतर रमाबाई आज्ञाधारक होतील अशी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा होती. रमाबाईंनी उलट प्रश्न सुरू केले. त्रैक्याचा सिद्धांत बायबलमध्ये कुठे आहे? चर्चचे अधिकारी सांगतात म्हणून एखादी गोष्ट का मानायची? गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरंच कशाला, संस्कृत का नकोत? त्यांनी शाकाहार सोडला नाही, तर त्यातही जेराल्डिनना जातीचा अहंकार दिसला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यालाही बिशपांनी हरकत घेतली.

या वादात तिसरी बाई होती डोरोथिया बील, चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या. त्याही श्रद्धाळू अँग्लिकनच. पण रमाबाईंना धाकात ठेवून काही मिळणार नाही, त्यांच्या शंका नीट ऐकून त्यांच्याशी बोललं पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्या स्वतः रमाबाईंना लांबलचक पत्रं लिहून तत्त्वज्ञानाच्या पातळीवर चर्चा करत. एकाच चर्चमधल्या दोन बायका, एकच ‘शंकेखोर’ शिष्या आणि दोन पूर्ण वेगळ्या वागणुका. रमाबाई चर्चच्या चौकटीत मावल्या नाहीत, पण ख्रिस्ती राहिल्या. त्यात बीलबाईंचा वाटा किती, हे मोजता येणार नाही. पण पत्रं वाचली तर रमाबाई कुणाशी मोकळेपणानं बोलतात आणि कुणाशी बचावाच्या पवित्र्यात, हे लगेच दिसतं.

गंमत म्हणजे ही पत्रं जपून ठेवली ती सिस्टर जेराल्डिन यांनीच. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती पुस्तकरूपात छापली. स्वतःवरची टीका असलेली पत्रं त्यांनी फाडून टाकली असती तर आज हा वाद कुणाला कळलाही नसता.

भारतात परतल्यावर पारडं फिरलं. ११ मार्च १८८९ ला रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. विधवांना शिक्षण द्यायचं, धर्म शिकवायचा नाही, असा शब्द होता. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर सल्लागार मंडळात होते. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत आणि काही मुली तिथं येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही आणि आलेल्याला हाकलणारही नाही. पालकांचं म्हणणं, लहान मुलींच्या बाबतीत हा फरक शब्दांपुरताच आहे. १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे आणि भांडारकर मंडळातून बाहेर पडले आणि बऱ्याच मुली काढून नेल्या गेल्या.

रमाबाईंच्या बाजूने बोलणारे त्या इथं अडतात. पालकांची भीती खोटी नव्हती आणि आपल्या प्रश्नांसाठी इंग्लंडमध्ये भांडलेल्या रमाबाईंना पुण्यातल्या पालकांचा प्रश्न तेवढा जिव्हाळ्याचा वाटला नाही, असं म्हणायला जागा आहे. त्याच वेळी हेही खरं, की विरोध करणाऱ्या बहुतेकांनी केशवपन झालेल्या त्या मुलींसाठी दुसरं घर उभं केलं नव्हतं. धोंडो केशव कर्व्यांचा आश्रम त्यानंतर, १८९६ मध्ये सुरू झाला.

मग ट्रोलचंही ऐकायचं का?

ऐकणं म्हणजे मान्य करणं नव्हे, हे अक्वायनसपासून हिचन्सच्या साक्षीपर्यंत दिसतं. आणि ऐकण्याला मर्यादाही आहे. तीताला लिहिलेल्या पत्रात फूट पाडणाऱ्या माणसाला एकदा, दोनदा समज द्यायची आणि मग त्याचा नाद सोडायचा, असं सांगितलंय. म्हणजे ब्लॉक करायला बायबलची हरकत नाही, फक्त ते तिसऱ्या पायरीवर आहे. मत्तयाच्या १८व्या अध्यायात तक्रार असेल तर आधी त्या माणसाशी एकट्यात बोला, मग एक-दोघांना सोबत घ्या, मग सगळ्यांसमोर आणा, असा क्रम आहे. ग्रुपवर मेन्शन करून सुरुवात करणं या क्रमात कुठेच बसत नाही.

मराठवाड्यात

परळी ते लातूर रोड रेल्वेमार्गावरच्या घाटनांदूरला किंवा आसपासच्या गावांत राहणाऱ्याला हा सगळा मुंबई-पुण्याचा विषय वाटू शकतो. तसं नाही. दोन धर्मांची माणसं समोरासमोर येऊन एकमेकांना टोचून बोलतात आणि शेवटी गळाभेट घेतात, असं भारूड १६व्या शतकात पैठणच्या एकनाथांनी लिहिलं. ‘हिंदु-तुर्क संवाद’ हे त्याचं नाव. त्यात दोन्ही बाजूंना चांगले मुद्दे दिलेत आणि दोन्ही बाजूंना शिव्याही.

अलीकडचं उदाहरण बीडला लागून असलेल्या जिल्ह्यातलं आहे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो. आदल्या सप्टेंबरमध्ये त्यांचं नाव जाहीर झाल्यापासून काही हिंदुत्ववादी संघटनांनी विरोध सुरू केला होता. एक पाद्री मराठी साहित्याचं प्रतिनिधित्व कसं करणार, असा आक्षेप होता. उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही संमेलनाला जाऊ नका असं सांगण्यात आलं.

दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला होता. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते दोन दशकांहून अधिक काळ संपादक होते आणि ज्ञानेश्वर-तुकाराम त्यांच्या लिखाणात सतत येत. आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यातलं काही वाचलं होतं, हा प्रश्न रास्त आहे. पण मिशनऱ्यांच्या इतिहासामुळे एखाद्याच्या मनात धर्मांतराची शंका येणं हेही आकाशातून पडलेलं नाही. विल्सन यांचं पुस्तक आणि शारदा सदनचा वाद याच महाराष्ट्रात घडलाय.

महानोर आले. दिब्रिटोही आले, पाठीच्या तीव्र दुखण्यामुळे व्हीलचेअरवर. पोलीस बंदोबस्तात संमेलन पार पडलं. २५ जुलै २०२४ रोजी दिब्रिटोंचं वसईत निधन झालं.